बूस्टरच्या दिवशी एक प्रश्न विचारावा : ठाण्याच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
ठाणे महानगरपालिका,
पाचपाखाडी, ठाणे.

विषय : उशिरा बोलणाऱ्या लहान मुलांसाठी प्रभागांतील आरोग्य केंद्रांत श्रवणचाचणी व स्पीच थेरपीची परवडणारी सोय करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या हिशेब खात्यात एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला आणि सावरकरनगर परिसरात राहणारा मी एक ज्येष्ठ नागरिक आहे. माझा नातू आता दोन वर्षे दहा महिन्यांचा आहे. मुलगा भिवंडीला गोदामात आणि सूनबाई एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर कामाला असल्याने नातवाला दिवसभर सांभाळणे, आणि गेले सात महिने त्याला स्पीच थेरपीला नेणे-आणणे, हे माझे काम आहे. या काळात जे पाहिले आणि जे खर्च झाले त्याची नोंद माझ्या वहीत आहे. तिच्याच आधारे हे पत्र लिहीत आहे.

आधी माझीच चूक सांगतो. नातू बावीस महिन्यांचा असताना सूनबाईने पहिल्यांदा शंका काढली की हा हाकेला वळतो, सांगितलेले समजतो, पण बोलत मात्र नाही. त्यावर मी वडीलकीच्या थाटात, मुलगे उशिराच बोलतात, तुझा नवराही अडीच वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता, असे सांगून विषय मिटवला. शेजारच्या आजींनी वेखंड उगाळून मधातून जिभेला लावण्याचा सल्ला दिला, कोणी पोपटाने उष्टावलेला पेरू आणून दिला, आणि आम्ही तेही केले. असे चार महिने गेले. त्या चार महिन्यांत कोणत्याही डॉक्टरने, परिचारिकेने वा बालवाडीच्या बाईंनी आम्हाला अडवून विचारले नाही की मूल किती शब्द बोलते. माझी चूक माझ्या पदरात आहेच, पण हा न विचारला गेलेला प्रश्नच या पत्राचे मुख्य कारण आहे.

पुढे बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेला आडाखा साधा होता. वर्षाच्या सुमारास एखादा अर्थपूर्ण शब्द यावा, दोन वर्षांच्या आसपास पन्नासेक शब्द असावेत आणि ‘पाणी दे’, ‘बाबा ये’ अशी दोन शब्दांची जोडणी सुरू व्हावी. आमच्या नातवाकडे सव्वीसाव्या महिन्यात सात शब्द होते : आई, बाबा, पा म्हणजे पाणी, भू म्हणजे कुत्रा, टाटा, नाय, आणि गाडीसाठी नुसता घूं. हे सात शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवले आहेत. डॉक्टरांनी सर्वप्रथम कान तपासायला सांगितले आणि ते योग्यच होते, कारण ज्याला नीट ऐकू येत नाही त्याच्याकडून बोलण्याची अपेक्षा कशी करणार? कानात छोटी नळी घालून काही मिनिटांत होणारी ओएई चाचणी पहिल्या वेळी नीट झाली नाही, म्हणून आवाजाचा संकेत कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणारी बेरा चाचणी करावी लागली.

बेरासाठी मूल गाढ झोपलेले लागते. औषध देऊन झोपवायचे नसेल तर पहाटेपासून त्याला जागे ठेवून आणा, असे आम्हाला सांगण्यात आले. त्या दिवशी पाच वाजल्यापासून मी आणि सूनबाई त्याला आळीपाळीने अंगणात फिरवत होतो, डोळ्यांना पाणी लावत होतो, गाणी म्हणत होतो. रिक्षात बसल्यावर तीन हात नाक्यापाशी सिग्नल लागला आणि त्याने माझ्या खांद्यावर मान टाकली. चाचणीच्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा तो छान झोप काढून ताजातवाना उठला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खटाटोप, पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा, पुन्हा रिक्षा. चाचणीचे अडीच हजार रुपये वेगळे. श्रवणशक्ती उत्तम असल्याचा अहवाल मिळाला तेव्हा सूनबाई तिथेच बाकावर रडली. हीच चाचणी घराजवळच्या महापालिका केंद्रात झाली असती तर निदान तीन हात नाक्याचा सिग्नल तरी आडवा आला नसता.

यानंतर खरा शोध सुरू झाला. पहिल्या खासगी केंद्रात वीस मिनिटांच्या बोलण्यानंतर नातवाला स्वमग्नता असल्याचे सांगून चोवीस सत्रांचे पॅकेज आगाऊ भरण्यास सांगण्यात आले. मी हिशेबनीस माणूस. पावती मागण्याची सवय आहे, तशी मी नोंदणी क्रमांकाचीही मागणी केली. स्पीच थेरपी करणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असावी लागते, आणि १९९२ च्या त्या परिषदेच्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे शिक्षापात्र आहे, हे मला एका परिचित शिक्षिकेने सांगितले होते. त्या केंद्रातील बाईंकडे काही महिन्यांच्या कोर्सचे प्रमाणपत्र होते, नोंदणी नव्हती. स्वमग्नतेची शंका खोटीच असते असे मला मुळीच म्हणायचे नाही. अशी शंका आल्यास ती प्रश्नावलीने, निरीक्षणाने आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञाच्या तपासणीने पडताळायची असते, पॅकेजच्या पावतीपुस्तकावर नव्हे. पुढे आम्ही तशी रीतसर पडताळणी करून घेतली. नातवाला केवळ भाषाविकासातील विलंब आहे.

एका सार्वजनिक रुग्णालयात केसपेपर काढला, तर पहिली भेटच अडीच महिन्यांनंतरची मिळाली आणि पुढील सत्रे पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी साडेनऊ ते साडेबारा याच वेळेत. तेथील एकमेव तज्ज्ञ बाई मनापासून काम करत होत्या. दोष त्यांचा नाही, त्यांच्या दारातील रांगेचा आहे.

वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाणी व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. आमच्यासारख्यांना आधार वाटावा असे ते ठिकाण आहे. पण ठाण्याहून दादर, दादरचा पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, वांद्र्याला उतरून पुन्हा बस किंवा रिक्षा, आणि कडेवर अडीच वर्षांचे मूल. हा प्रवास महिन्यातून एकदा करता येतो, आठवड्यातून दोनदा नाही. स्पीच थेरपीला मात्र आठवड्यातून दोनदाच जावे लागते, आणि तेही महिनोन्‌महिने. शस्त्रक्रियेसाठी माणूस एकदा लांब जाईल, कर्ज काढूनही जाईल. पण ज्या उपचाराचे सगळे बळ नियमितपणात आहे, तो लांब असला तर स्वस्त असूनही महागच पडतो. परवडणारी थेरपी म्हणजे केवळ कमी शुल्काची नव्हे, तर चालत जाण्याच्या अंतरावरची थेरपी, हे मी सात महिन्यांत शिकलो.

शेवटी आम्ही घराजवळच्या एका नोंदणीकृत तज्ज्ञ बाईंकडे जाऊ लागलो. पंचेचाळीस मिनिटांच्या सत्राचे ८०० रुपये, महिन्याला आठ सत्रे, म्हणजे ६,४०० रुपये. रिक्षाचे जाऊन-येऊन १२० प्रमाणे ९६० रुपये. एकूण ७,३६० रुपये. माझे ईपीएस-९५ चे निवृत्तिवेतन २,८४० रुपये आहे. मुलाच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय खर्च मिळत नाही आणि थेरपीसाठी कोणी दाखल होत नाही. चौथ्या महिन्यापासून आम्ही दोनाऐवजी एकच सत्र ठेवले आणि उरलेले घरी करू लागलो. बाईंची फी मला अवाजवी वाटत नाही. चार वर्षांची पदवी, जागेचे भाडे आणि एका वेळी एकच मूल, यात त्यांनाही फारसे सुटत नसावे.

महोदय, या उपचारात नेमके काय होते हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत आणि त्याचा साधेपणा दोन्ही कळत नाहीत, म्हणून एकच प्रसंग सांगतो. बाई जमिनीवर बसून साबणाच्या पाण्याचे फुगे उडवतात. नातू आनंदाने टाळ्या पिटतो. मग बाई बाटलीचे झाकण घट्ट लावतात, बाटली त्याच्या हातात देतात आणि गप्प बसतात. तो बाटली हलवतो, त्यांच्याकडे बघतो, रडवेला होतो. बाई थांबतात. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तळमळत होतो, कारण घरी मी एवढ्या वेळात दहा वेळा झाकण उघडून दिले असते. तिसऱ्या आठवड्यात त्या थांबण्याच्या अखेरीस त्याने ओठ पुढे काढून ‘फू’ म्हटले आणि बाईंनी तत्क्षणी फुगे उडवले. वहीतला तो आठवा शब्द. घरी आम्ही चौघे मोठे त्याने बोट उचलायच्या आत वाटी, चमचा, पाणी, गाडी सगळे हजर करत होतो. मुलाला मागायची गरजच पडू नये अशी व्यवस्था करून आम्ही त्याच्या बोलण्याची वाट बघत होतो. जेवताना लावला जाणारा मोबाइलही तेव्हापासून बंद केला. केवळ त्यामुळे तो बोलू लागला असे मी म्हणणार नाही, पण जेवणाचा अर्धा तास त्याच्याशी बोलण्यासाठी मोकळा झाला एवढे खरे.

आणखी एक गैरसमज बाईंनी दूर केला. ओळखीच्या अनेकांनी आम्हाला सांगितले होते की नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलाशी फक्त इंग्रजीत बोला, दोन भाषांनी मूल गोंधळते. बाईंचे म्हणणे असे की दोन भाषा कानावर पडल्याने बोलणे लांबत नाही. ज्या भाषेत घरची माणसे सहज, भरपूर आणि प्रेमाने बोलतात तीच भाषा मुलाशी बोलावी, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण बाजारात मिळणारी चित्रे सगळी ॲपल आणि झेब्रा यांची. आमच्या घरात झेब्रा येत नाही, पोळी येते. ठाण्यात खारेगाव-बाळकुमला आगरी, मुंब्र्यात उर्दू, वागळे इस्टेटच्या चाळींत भोजपुरी, नौपाड्यात मराठीबरोबर गुजराती घरेही आहेत. महापालिका काही छापणार असेल तर ते या घरांतल्या ताट-वाटी-बादलीच्या शब्दांत छापावे, ही विनंती येथेच नोंदवून ठेवतो.

आता व्यवस्थेकडे वळतो. मुलांच्या वाढीतील विलंब लवकर ओळखण्यासाठी देशात योजना नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली, आणि पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांत शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी, आणि पुढील उपचारासाठी जिल्हा पातळीवर श्रवण व वाचातज्ज्ञासह एक केंद्र, अशी त्याची रचना आहे. रचना चांगली आहे. पण शाळेत जाण्याआधीच्या वयात तिची फिरती पथके अंगणवाडीत जातात. माझा नातू महिना दीड हजार रुपयांच्या खासगी प्लेग्रुपमध्ये जातो, म्हणून त्याच्यापर्यंत कोणतेही पथक पोहोचत नाही. अंगणवाडीत न जाणारी आणि महागडी थेरपीही न परवडणारी असंख्य मुले लोकमान्यनगरपासून दिव्यापर्यंत आहेत, ही गोष्ट सांगायला सर्वेक्षण नको. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक होती, आणि एवढ्या शहराने एका जिल्हा केंद्राच्या दारात रांग लावावी हे व्यवहार्य नाही.

दुसरी अडचण कायद्याच्या शब्दांत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील एकवीस प्रकारांत वाणी व भाषा दिव्यांगत्व आहे, परंतु त्याची व्याख्या शरीरातील अवयवांच्या किंवा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेल्या कायमस्वरूपी दिव्यांगत्वाची आहे. निरामय विमा योजनेत थेरपीचा खर्च मिळतो, पण ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक व बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी आहे. आमच्या नातवासारखी मुले यात बसत नाहीत आणि बसूही नयेत. त्यांचा विलंब कायमस्वरूपी नाही, हीच तर आशेची बाब आहे. मदतीची दारे मात्र कायमस्वरूपी या शब्दापुढे उघडतात, आणि थेरपीचा खरा उपयोग तो शब्द लागण्यापूर्वीच असतो. म्हणूनच दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवलेल्या महापालिकेच्या ५ टक्के निधीत आम्ही वाटेकरी होऊ इच्छित नाही. ज्यांचा तो हक्क आहे त्यांनाच तो अपुरा पडतो. ही तरतूद बाल आरोग्याच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून व्हावी आणि तिच्यासाठी कोणतेही प्रमाणपत्र मागितले जाऊ नये.

नातवाचे माता व बाल संरक्षण कार्ड माझ्यासमोर आहे. लसीकरणाच्या पानावर प्रत्येक चौकटीत तारीख आणि सही आहे, एकही चौकट रिकामी नाही; याबद्दल आमच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकांचे कौतुक केले पाहिजे. त्याच कार्डात मूल कोणत्या महिन्यात काय करू लागते याची चित्रे आहेत. त्या पानावर पेनाचा एक ठिपका नाही. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा पहिला बूस्टर घ्यायला शहरातील बहुतेक मुले कोणाच्या ना कोणाच्या कडेवर बसून येतात. डीपीटीचा पुढचा बूस्टर थेट पाचव्या वर्षानंतर. मधली तीन वर्षे म्हणजे मूल बोलायला शिकते तो काळ. तेव्हा बूस्टरच्याच दिवशी, सुई टोचण्यापूर्वी, परिचारिकेने तीन गोष्टी विचाराव्यात : नाव घेतल्यावर वळून बघतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, आणि किती शब्द बोलतो. उत्तर त्या रिकाम्या पानावर लिहावे. शंका असेल तर श्रवणचाचणीची चिठ्ठी द्यावी. परिचारिका आणि आशाताईंवर आधीच किती नोंदवह्यांचा भार आहे हे मी लसीकरणाच्या रांगेत उभा राहून पाहिले आहे, म्हणून नवी नोंदवही काढू नये. कार्डाचे पान छापलेलेच आहे.

पण विचारून पुढे पाठवायला जागा नसेल तर विचारणे निरर्थक आहे. प्रत्येक प्रभाग समितीच्या हद्दीत किमान एका आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन दिवस नोंदणीकृत वाचातज्ज्ञ मानधनावर बसावेत, आणि त्यांतला एक दिवस संध्याकाळचा किंवा शनिवारचा असावा, कारण सकाळच्या ओपीडीला येणारी आई त्या दिवसाचा पगार गमावून येते. ओएईचे यंत्र लहान असते आणि ते केंद्राकेंद्रांत फिरवता येईल. वाचातज्ज्ञांच्या पदवी अभ्यासक्रमात एक वर्षाची इंटर्नशिप असते. वांद्र्याच्या संस्थेशी आणि मुंबईतील अशा इतर महाविद्यालयांशी करार केला तर अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे विद्यार्थी ठाण्यातही काम करू शकतील. शेजारच्या नवी मुंबई महापालिकेने वाशीला दिव्यांगांसाठी ईटीसी (शिक्षण-प्रशिक्षण) केंद्र उभारून चालवून दाखवले आहे, त्यामुळे हे महापालिकेचे काम नव्हे असे उत्तर मिळू नये अशी अपेक्षा आहे. शुल्क ठेवायचेच असेल तर ते केसपेपरच्या दराशी नाते सांगणारे असावे आणि फलकावर लिहिलेले असावे.

यातील सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत परिणामकारक भाग पालकांच्या प्रशिक्षणाचा आहे. आठ-दहा कुटुंबांना एकत्र बसवून महिन्यातून दोन वेळा शिकवले, तर घराघरांत रोजची थेरपी सुरू होते. थांबायचे कसे, मुलाच्या एका शब्दाला आपला एक शब्द जोडून परत कसा द्यायचा, आंघोळीच्या वेळी आणि भाजी निवडताना काय बोलायचे, हे आम्हाला आठशे रुपयांच्या सत्राच्या शेवटच्या दहा मिनिटांत शिकायला मिळाले. तेवढे दहा मिनिटांचे शिक्षण पंचविसाव्या वर्षी आई झालेल्या मुलीला आणि अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा पाळणा हलवणाऱ्या माझ्यासारख्याला सारखेच लागते.

यावर आपले अधिकारी असे म्हणू शकतील की उशिरा बोलणारी पुष्कळ मुले उपचाराविनाही सुधारतात, मग खर्च कशाला? पहिला भाग खरा आहे. आमच्या बाईंनीही तो लपवला नाही. पण कोणते मूल आपोआप बोलेल आणि कोणत्याला ऐकूच येत नाही, हे दोन वर्षांच्या मुलाकडे नुसते बघून मी सांगू शकलो नाही, आणि माझे उदाहरण पाहता कोणत्याही आजोबांवर ते सोपवू नये. कानाची एक चाचणी आणि पालकांचे दोन वर्ग एवढा खर्च त्या मुलांसाठीही वाया जात नाही, जी पुढे आपोआप बोलणार आहेत.

नातवाच्या वहीत काल रात्रीपर्यंत त्रेसष्ट शब्द झाले आहेत. गेल्या मंगळवारी जिन्यात वीज गेली तेव्हा त्याने माझे बोट धरून ‘आजा, अंधार’ असे म्हटले. आम्ही आठवड्याचे एकच सत्र चालू ठेवले आहे आणि ते आणखी किती महिने लागेल हे बाईंनी सांगितलेले नाही.

आमच्या मजल्यावरची सतरा महिन्यांची एक मुलगी पुढील महिन्यात बूस्टरसाठी आपल्याच आरोग्य केंद्रात जाणार आहे. तिच्या आजीला गुडघ्यामुळे जिने चढवत नाहीत, म्हणून कार्ड घेऊन मी सोबत जाणार आहे. कार्डातल्या त्या रिकाम्या पानाबाबत आणि प्रभागातील केंद्रांबाबत आपला काय निर्णय होतो, हे लेखी कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ नागरिक,
सावरकरनगर, ठाणे (पश्चिम)